बर्लिनमध्ये ओपेअर : शनिवार-रविवारचा शहराच्या इतिहासाचा कोर्स करावा का?

चरईची_मुक्ता

नमस्कार मंडळी. मी 23 वर्षांची, ठाण्यात चरईत राहते. वर्षभर दर शनिवारी सकाळची लोकल पकडून मुंबईत जर्मन शिकले, ए2 म्हणजे दुसरी पायरी झाली. सप्टेंबरपासून बर्लिनला ओपेअर म्हणून जातेय, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची. घर पान्को भागात, मुलं दोन : एक चार वर्षांचं, एक सात वर्षांचं. भाषेचा क्लास आठवड्यातून दोन सकाळी ठरलाय.

प्रश्न शनिवार-रविवारचा आहे. तिथे शहराच्या सांस्कृतिक इतिहासाचे दोन-दोन दिवसांचे कोर्स असतात असं ऐकलं. महिन्याला पॉकेटमनी 280 युरो. त्यातून यावर खर्च करावा का? बाबा म्हणतात, यूट्यूबवर सगळं आहे. आई म्हणते, आधी परक्यांची पोरं सांभाळून दाखव. आणि खरं सांगायचं तर शाळेत इतिहासाच्या तासाला मी वहीच्या मागच्या पानावर मेंदीची डिझाइनं काढायचे. ए2 वर मला काय कळणार?

नेरूळकर_सेक्टर_वीस

ऑफिसच्या कामाने तीनदा गेलोय. कोर्सबिर्सच्या भानगडीत पडू नका. 100 नंबरची बस पकडा, झू स्टेशन ते अलेक्झांडरप्लात्झ. साध्या तिकिटात अर्धं बर्लिन बघून होतं, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर उत्तमच. महिन्याच्या पहिल्या रविवारी म्युझियम फुकट. पैसे वाचवा, थंडीचे बूट घ्या.

तलावपाळीची_परतलेली

नेरूळकर, ती पहिल्या रविवारची फुकट एंट्री 2024 च्या अखेरीस बंद झाली. बुटांचं मात्र शंभर टक्के खरं.

मुक्ता, मी वर्षभर तिथे ओपेअर होते, शोनेबर्गमध्ये. असे तीन कोर्स केले. त्यातला एक अगदी टुकार होता. दोन दिवस राजवाड्यांच्या स्लाइड्स आणि प्रत्येक राजाचं नाव फ्रिडरिश नाहीतर विल्हेल्म. पण एका कोर्सबद्दल सविस्तर लिहिते.

माझ्याकडचा मुलगा चार वर्षांचा. रोज चारला त्याला किटामधून, म्हणजे बालवाडीतून आणायचं, कोपऱ्यावर ब्रेड घ्यायचा आणि घरी. वाटेत एका दिव्याच्या खांबावर पाटी होती, तिच्यावर पावाचं रंगीत चित्र. मला वाटलं, बेकरीची जाहिरात. सहा महिने त्या पाटीखालून गेले. मग कोर्समध्ये रविवारी चालत फिरवलं, तर नेमकं आमच्याच मोहल्ल्यात. बाईंनी त्याच खांबाशी थांबवलं आणि म्हणाल्या, आता पाटीची मागची बाजू वाचा. मागे लिहिलं होतं की बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याच्या वस्तू फक्त दुपारी चार ते पाच या वेळातच विकत घ्यायच्या. खाली तारीख, 4 जुलै 1940.

चार ते पाच. माझी ब्रेडची वेळ.

अशा 80 पाट्या त्या भागात आहेत, 1993 मध्ये दोन कलाकारांनी लावलेल्या. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला ज्यूंवर लादलेला नाझी काळातला एकेक नियम. मांजराच्या चित्रामागे पाळीव प्राणी ठेवायला बंदी. हा भाग बायरिशेस फिअर्टेल म्हणून शोध. यूट्यूबवर हे सगळं आहे, बाबांचं चूक नाही. पण त्या खांबाखाली पुढच्या सोमवारी पुन्हा ब्रेडची पिशवी घेऊन उभं राहणं वेगळं.

त्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमच्या गावात ज्यू होते का? कोलंबियाची मुलगी गप्प, जॉर्जियाची थोडं बोलली. मी म्हटलं, आहेत की. आमच्या टेंभी नाक्याला 1879 चं सिनेगॉग आहे, आणि आमचे बेने इस्राएल घरात मराठी बोलतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे. 'घाणा'ला जर्मन शब्द येईना, हाताने बैल गोल फिरवून दाखवला. बाई म्हणाल्या, दहा मिनिटं सांग. माझं तीन मिनिटांत संपलं. मुक्ता, मी कळव्याहून शाळेला येताना दहा वर्षं त्या सिनेगॉगवरून गेलेय, आत काय आहे ते कधी विचारलं नव्हतं. रात्री आईला फोन केला तर ती म्हणे, अगं, मला चौथीला शिकवायला त्यांच्यातल्याच बाई होत्या, त्यांच्या घरचा चिकाचा हलवा खाल्लाय मी. हे मला बर्लिनला जाऊन कळावं!

आता कामाचं.

असे कोर्स फोक्सहोखशूलंमध्ये मिळतात, म्हणजे सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रं. बर्लिनच्या बाराही विभागांत एकेक आहे. श्टाटगेशिश्टं, म्हणजे शहराचा इतिहास, हा शब्द टाकून शोध. फी कोर्सागणिक वेगळी. तुझ्या विभागापुरतंच बघू नकोस.

भाषेचं म्हणशील तर ए2 वर पहिल्या दिवशी पाव हिस्सा कळेल. दोन तासांनी कान संप पुकारतात. म्हणून पहिला कोर्स डिसेंबरनंतर घे, आणि चालत फिरवणाराच घे. समोर भिंत असली की 'भिंत' शब्द शोधावा लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सुट्टीचं. नियमाने आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, दीड दिवस सुट्टी, आणि महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण मोकळा. म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही मोकळे मिळतीलच असं नाही. मी पहिल्या कोर्सचे पैसे भरून बसले आणि शनिवारी सकाळी नऊला, 'आज जरा दोन तास थांबशील का?' त्या दोन तासांचे चार झाले. माणसं वाईट नव्हती, मीच आधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने तारखा, मग पैसे.

कोर्स नकोच वाटला तर निदान बर्नाउअर श्ट्रासं या रस्त्यावर जा. पान्कोहून जवळ, फुकट. तिथे घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि दाराबाहेरचा फुटपाथ पश्चिमेत. 13 ऑगस्ट 1961 ला बर्लिनची भिंत घालायला सुरुवात झाली, त्यानंतर आधी दारं बुजवली, मग खिडक्या. भिंतीच्या पट्ट्यात अडकलेलं चर्च 1985 ला सुरुंग लावून पाडलं. त्याच जागी आता मातीचं छोटं प्रार्थनाघर आहे, जुन्या चर्चचा चुरा मातीत मिसळून ठोकून बांधलेलं. प्रार्थनाघराच्या भिंतीजवळ तोंड नेलंस तर विटेचे, काचेचे तुकडे दिसतात.

पाचपाखाडीच्या_काकू

मुक्ता बाळा, माझी एक पुरवणी. यू3 मेट्रोने दालेमला जा, फ्रायं युनिव्हर्सिटेट स्टेशनला उतर आणि ईनंश्ट्रासं विचार. आपल्या इरावतीबाई कर्वे तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत शिकल्या, 1930 मध्ये डॉक्टरेट घेऊन पुण्याला परतल्या. प्रोफेसर होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेवाले. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्याचा वंशाशी संबंध आहे का हे बाईंनी तपासायचं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि संबंध नाही असं लिहून दिलं. पंचविशीतली मुलगी, परकी भाषा, समोर असा गुरू! इमारत आता विद्यापीठाकडे आहे. कोर्समध्ये तुला कोणी सांगणार नाही, म्हणून सांगितलं. आणि थालीपिठाची भाजणी चेक-इन सामानात टाक, हातातल्या बॅगेत नको.

चरईची_मुक्ता

ताई, काकू, खूप धन्यवाद. होस्ट फॅमिलीला मेल लिहायला घेतलाय, जानेवारीतला एक शनिवार-रविवार मोकळा मिळेल का म्हणून. आल्या आल्या सुट्ट्या मागते असं तर वाटणार नाही ना?

तलावपाळीची_परतलेली

नाही वाटणार. तिथे न विचारणं जास्त विचित्र दिसतं. फक्त 'शक्य असेल तर, तुम्हाला जमेल तसं' असली आपली ठाणेकर प्रस्तावना कापून टाक, सरळ तारीख लिही.

नेरूळकर_सेक्टर_वीस

फुकट रविवार बंद झाल्याचं माहीत नव्हतं, दुरुस्तीबद्दल आभार. पावाच्या पाटीचं मुलीला वाचून दाखवलं. 100 नंबर बसबद्दल मात्र मी ठाम आहे.