टोकाच्या शेताला कालव्याच्या पाण्याचं आवर्तन (पाळी) पुरत नाही

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाच्या चारीच्या (पोटकालव्याच्या) अगदी टोकाला माझा दीड एकर कांदा आहे. वरच्यांचं भरणं होईस्तोवर आवर्तन संपतं. मागच्या उन्हाळ्यात पोसायच्या वेळी पाणी चुकलं, निम्मी गोलटी (बारीक कांदा) निघाली. काय करू?

उत्तर : दादा, नमुना ७, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, मुदतीत भरला होता का?

दुसरं उत्तर : वाघाडवर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आहेत. २००५ च्या कायद्यानं संस्थेला पाणी मोजून मिळतं, पीक कोणतं घ्यायचं ते आपण ठरवायचं. आमच्या संस्थेच्या सभेत ‘आधी टोक, मग माथा’ असा ठराव केला. भांडणं झाली, पण माझ्या आईच्या वाट्याच्या शेतात पहिल्यांदा पाणी पोचलं. तुम्हीही मांडाच.

प्रश्नकर्ता : अर्ज भरला होता. आता टेलचे (टोकाचे) सगळे शेतकरी घेऊन सभेला जातो.