घोडीचा गाभ पहिल्या दोन महिन्यांतच वारंवार जातो : कारण कोठे शोधावे?

प्रश्न : पागा, कागल

नमस्कार. आमच्याकडे चौदा वर्षांची मारवाडी घोडी आहे. तिने पूर्वी दोन शिंगरे दिली असून दुसऱ्या वेळी विताना तिला बराच त्रास झाला आणि वारही उशिरा पडली. त्यानंतर मात्र तिचा गाभ टिकत नाही. गेल्या हंगामात पंधराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत गाभ दिसला, पण महिन्याच्या तपासणीत गर्भाशय रिकामे निघाले आणि घोडी लवकरच पुन्हा माजावर आली. या हंगामात पंधराव्या दिवशी गाभ दिसला, महिन्याच्या तपासणीत गर्भाचे ठोकेही स्पष्ट दिसले, आणि दोन महिन्यांनी पाहिले तर आत काहीच नव्हते. स्राव नाही, पोटदुखी नाही. गाभ गेल्यावरही ती बरेच दिवस माजावर आलीच नाही, याचे कोडे उलगडत नाही.

वैरणीत कडबा आणि उसाचे वाडे असते. चंदीला भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा. पावसाळ्यात तिला दोनदा ताप येऊन उतरला होता. कोणी घोडा बदलण्यास सांगतात, तर कोणी पहिल्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉन या गाभ टिकवणाऱ्या संप्रेरकाची इंजेक्शने देण्यास सांगतात. एकाने तर वारंवार हात घालून तपासल्यामुळेच गाभ पडतो असे ठामपणे सांगितले. पुन्हा घोडी भरवण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासण्या कराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : अश्वपालक, शिरोळ

डॉक्टर सविस्तर लिहितीलच. मी एवढेच सुचवतो की घोडीला मागून नीट पाहावे. दोन-तीन वितांनंतर, विशेषतः अंग उतरलेले असेल तर, गुदद्वार आत ओढले जाते आणि योनीचे ओठ उभे न राहता पुढच्या बाजूला कलतात. मग चालताना आत हवा ओढली जाते आणि लिदीचे कणही आत जातात. दोन्ही हातांनी ओठ हलके बाजूला केले की हवा आत शिरल्याचा आवाज येतो का, हे पाहावे. आमच्या भागात घोडी चांगली दिसते म्हणून तिची खरेदी होते, पण हा भाग कोणी पाहत नाही, याची मला फार खंत वाटते.

उत्तर : पशुवैद्यक, कोल्हापूर

आपण तारखा नोंदवून ठेवल्या आहेत, त्यामुळे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. गाभ का गेला, या प्रश्नाआधी तो कोणत्या दिवसांत गेला हे ठरवावे लागते, कारण प्रत्येक टप्प्यावर गर्भाला वेगळ्या गोष्टीची गरज असते आणि कारणेही त्याप्रमाणे बदलतात.

फलित बीजांड साधारण सहाव्या दिवशी गर्भाशयात उतरते. त्यानंतर सोळाव्या दिवसापर्यंत ते एका जागी न राहता गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांमधून, म्हणजे शाखांमधून, फिरत राहते, आणि या फिरण्यामुळेच घोडीच्या शरीराला गाभ राहिल्याची खूण पटून पीतपिंड (अंडाशयातील प्रोजेस्टेरॉन तयार करणारा पिंड) टिकून राहतो. गर्भाशयात दाह असेल किंवा पाणी साचलेले असेल, तर उतरलेल्या भ्रूणाला आतले वातावरण मानवत नाही. शिवाय दाहामुळे सुटणारे प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरकासारखे द्रव्य पीतपिंड संपवते आणि घोडी लवकर माजावर येते. गेल्या हंगामातील आपली हकिकत या प्रकाराशी जुळते. मात्र वयस्क घोड्यांच्या गर्भाशयात पाण्याच्या गाठी असतात आणि पंधराव्या दिवशी त्या हुबेहूब गाभासारख्या दिसू शकतात. म्हणून घोडी रिकामी असतानाच सोनोग्राफी करून कोठे कोणती गाठ आहे, याची नोंद ठेवावी. मोठ्या गाठी भ्रूणाच्या फिरण्यातही अडथळा आणतात.

या हंगामातील गोष्ट वेगळी आहे. पस्तीस-छत्तीसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या आवरणातील पेशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजून पेल्यांसारख्या ग्रंथी तयार करतात. त्यानंतर गर्भ गेला, तरी या ग्रंथी आपले संप्रेरक सोडतच राहतात आणि भरवल्यापासून साधारण चार महिने होईपर्यंत घोडी नेहमीसारखी माजावर येत नाही. आपली घोडी माजावर न येण्याचे हेच कारण असावे, म्हणजेच गाभ छत्तीसाव्या दिवसानंतर गेला असावा. या काळात त्या संप्रेरकाची रक्तचाचणी केली, तर ती घोडी गाभण असल्याचेच दाखवते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

चाळीस ते ऐंशी-नव्वद दिवसांच्या दरम्यान गाभ जाणे हे अस्तर जीर्ण झाल्याचे नेहमीचे लक्षण आहे. या दिवसांत गर्भ अस्तरातील ग्रंथींच्या स्रावावर पोसला जातो. वारंवार दाह होऊन त्या ग्रंथींभोवती तंतू वाढले की पोषण तुटते. हे बाहेरून किंवा सोनोग्राफीत खात्रीने कळत नाही. त्यासाठी अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. त्याच्या चार प्रती मानतात. पहिल्या प्रतीच्या घोडीला शिंगरू होण्याची शक्यता ८० ते ९० टक्के असते, दुसरीच्या वरच्या भागात ती ५० ते ८०, खालच्या भागात १० ते ५० आणि तिसऱ्या प्रतीत १० टक्क्यांहून कमी असते. आपण पुढे किती खर्च करावा, हे बरेचसे या एका अहवालावर ठरेल. तुकडा काढण्यापूर्वी घोडी गाभण नाही, याची खात्री मात्र करून घ्यावी.

क्रम असा ठेवावा. माजाच्या सुरुवातीला आवरण असलेल्या स्वॅबने गर्भाशयातील नमुना घेऊन जंतू आणि पेशी दोन्ही तपासाव्यात. नुसते जंतू वाढले, पण दाहाच्या पेशी नाहीत, तर नमुना बाहेरून दूषित झालेला असू शकतो. योनी आणि गर्भाशयमुख हाताने तपासावे, कारण त्रासाच्या वितात मुख फाटलेले असेल तर ते नीट मिटत नाही आणि गाभ उघडा पडतो. आपल्या हकिकतीत मला ही शक्यता महत्त्वाची वाटते. शिरोळच्या सद्गृहस्थांनी सांगितलेला दोषही याच वेळी पाहावा. तो असल्यास ओठांचा वरचा भाग शिवून टाकण्याची कॅस्लिक यांची पद्धत १९३७ पासून वापरात आहे. मात्र वितीच्या दोन ते चार आठवडे आधी ती शिवण उघडावी लागते, नाहीतर वितीत ओठ फाटतात.

जुळी हे आणखी एक कारण आहे. पंधराव्या दिवशी दोन दिसल्यास स्थिर होण्यापूर्वी एक दाबून नष्ट करता येतो, आणि म्हणूनच ही तपासणी चुकवू नये. सांभाळून केलेल्या तपासणीने गाभ पडत नाही, उलट ती न केल्याने कारण कळत नाही. घोडा बदलण्याचा निर्णय त्याने भरवलेल्या इतर घोडींच्या गाभाची नोंद पाहून घ्यावा.

पावसाळ्यातील तापाकडे दुर्लक्ष करू नये. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात ताप येतो-जातो, रक्त कमी होते, पायांना आणि पोटाखाली सूज येते, गाभही जाऊ शकतो. गोचिडांमुळे होणाऱ्या बाबेसियासारख्या रोगांतही तापाचा असाच प्रकार होतो. दोन्ही रक्ततपासणीत सापडू शकतात. याउलट नागीण गटातील अश्वविषाणू सहसा सातव्या महिन्यानंतरचे गर्भपात घडवतो, त्यामुळे या प्रकरणात तो संशयित नाही. उसाच्या वाड्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवते आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त असतो. याचा परिणाम मुख्यतः हाडांवर होत असला, तरी ही जोडी मी गाभण घोडीला देणार नाही. अंगावरील मांस-चरबी पाहून एक ते नऊ असे माप देतात, त्यात घोडीचे अंग पाच-सहा मापाचे असावे.

प्रश्नकर्ता : पागा, कागल

आभारी आहे. माज आणि अंगाची मापे यांविषयी आता स्पष्ट झाले. त्रासाच्या वितीचा प्रसंग आपण जोडलात, हे विशेष उपयोगी वाटले. प्रोजेस्टेरॉनविषयी मात्र विचारतो. गाईंसाठी येणारे इंजेक्शन चालते का? आणि अस्तराचा अहवाल वाईट आला तर काही मार्ग उरतो का?

उत्तर : पशुवैद्यक, कोल्हापूर

गाईंना आणि स्त्रियांना दिले जाणारे हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट घोडीचा गाभ टिकवत नाही. हे परीक्षणांत दिसलेले आहे. घोडीसाठी तोंडाने देण्याचे, प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे अल्ट्रेनोजेस्ट वेगळे आहे आणि त्याची मात्रा वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच ठरवावी. रक्तातील प्रोजेस्टेरॉन एका मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅमहून जास्त असेल, तर औषध देण्याचे कारण सहसा उरत नाही. दाह असताना हे औषध दिले तर तो वाढतो, आणि गर्भ मेलेला असताना दिल्यास तो आतच राहतो, म्हणून सोनोग्राफीशिवाय सुरू ठेवू नये. गर्भवती स्त्रियांनी त्याला हात लावू नये, कारण ते त्वचेतून शोषले जाते. मोतद्दारालाही हातमोजे द्यावेत.

वयामुळे बीजांडांचा दर्जाही घसरतो. वृद्ध घोडीचा भ्रूण तरुण घोडीत ठेवला, तरी तो टिकण्याचे प्रमाण कमी असते. पण दोष फक्त अस्तराचा असेल, तर भ्रूण प्रत्यारोपणाचा मार्ग आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या बिकानेर केंद्रात २०२३ मध्ये या पद्धतीने मारवाडी शिंगरू जन्मले आहे. सुरुवात शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा पुण्याकडील स्टड फार्मवर काम करणाऱ्या अश्वतज्ज्ञांकडे तुकड्याच्या तपासणीने करावी. जाताना दोन्ही हंगामांच्या तारखा, सोनोग्राफीच्या प्रती आणि तापाची नोंद सोबत ठेवावी.