दारू सुटली, पण भजनाला बसू की नको?

पखवाज_देवगड:
ट्रॉलरवर खलाशी आहे. शिमग्यापासून दारू बंद. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जातो. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. बोट शाकारलेली, हाताला काम नाही. लगेच पुढे गणपती. वाडीच्या भजनात पखवाज माझा. घरी आलो तेव्हा धुम्याला कणीक लावताना बोटं थरथरायची, आता हात बसलाय. गजर चढला की जे वाटतं त्यालाच मी देव म्हणतो. मीटिंगमध्ये ‘उच्चशक्ती’ म्हणतात तेव्हा आत काहीच हलत नाही. पण भजन संपलं की मांगरामागे बाटली निघते, आणि काढणारे माझेच सोबती. बायको म्हणते, भजन सोड. सोडलं तर मग मी बसू कुठे?

जुना_तांडेल_मालवण:
भावा, पखवाज सोडू नको. माझा पहिला विश्वास बसला तो मीटिंगमधल्या एका रिक्षावाल्यावर. बाटली लपवायच्या जागांसकट त्याने माझीच गोष्ट सांगितली. ह्याची सुटते तर माझी का नाही, एवढंच वाटलं. देव फार नंतर आला. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रनला एए सुरू झालं तेही असंच. न पिता राहायला धडपडणारा एक जण दुसऱ्या पिणाऱ्याला, एका डॉक्टरला जाऊन भेटला. पुढे एएच्या पायऱ्या, म्हणजे दारूपासून सुटायचे टप्पे, लिहिताना देव न मानणारे सभासद अडून बसले, म्हणून ‘आम्हाला समजलेला परमेश्वर’ असे शब्द आले. तुला तो गजरात समजतो ना, मग तोच धर. स्पॉन्सरलाही, म्हणजे तुला सांभाळून घेणाऱ्या एएतल्या जुन्या सभासदालाही, तसंच सांग.

बाटलीचं मात्र आधी ठरव. बुवांना सांगून ठेव, आरती झाली की मी उठणार. पखवाज दुसरा कोणी आवरेल. न पिणारा एक जण सोबत ने. आणि स्पॉन्सरला फोन निघण्याआधी कर. एकदा मन फिरलं की फोन लावावासाच वाटत नाही.

वेंगुर्ल्याची_वहिनी:
दादा, वहिनी भजन सोडा म्हणतात ते भीतीने. गेल्या गणपतीत त्यांनी काय काय बघितलं असेल ते मला न सांगता कळतं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन असतं, त्यांना तिथे न्या. मी नवऱ्याचे खिसे तपासायचं थांबवलं ते तिथल्या बायकांत बसून.

आणि हे वाचून कोणी आजच बंद करायचं ठरवत असेल, तर रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला दाखवल्याशिवाय एकदम थांबू नये. फिट येते, जीवही जाऊ शकतो. घरच्यांनी जेवणातून चोरून दारू सोडवायच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत.

पखवाज_देवगड:
काका, वहिनी, आभार. बुवांकडे जाऊन आलो. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, आपण शेवटचं भजन तुझ्याच घरी लावू, म्हणजे तुला उठून जायलाच नको. बायकोला हे पटलंय. अल-अॅनॉनची मीटिंग देवगड-कणकवली बाजूला कुठे भरते, कोणाला माहीत असेल तर सांगा. तिला एकटीला पाठवणार नाही, मी बाहेर थांबेन.