पुढच्या युद्धाची तयारी लष्करातले लोक नेमकी कशी करतात? काय वाचू, काय करू, सल्ला द्या

गोदाकाठची_लेक (परभणी)

नमस्कार सगळ्यांना. आम्ही सात जण इथं एका अभ्यासिकेत सीडीएस आणि एएफकॅट ह्या सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षांची तयारी करायलोत, चार मुली तीन पोरं. दर रविवारी आमचं आम्हीच ग्रुप डिस्कशन घेतो. मागच्या रविवारी विषय होता २०५० चं युद्ध, आणि अर्धा तास सगळ्यांनी ड्रोन, एआय, सायबर, अंतराळ हे चारच शब्द फिरवून फिरवून वापरले, पण सैन्यातला जो माणूस हे प्लॅनिंग करतो तो सकाळी टेबलावर बसून करतो काय हे कोणालाच सांगता येईना. त्याला पुढचं दिसतं का? नसंल दिसत तर हजारो कोटींची खरेदी कशाच्या भरवशावर करतो? शहरातल्या एका क्लासला फी भरून जाऊन आले, तिथल्या नोट्समधी पण ह्याच शब्दांच्या व्याख्या. मला व्याख्या पाठ नाही करायच्या, समजून घ्यायचंय, उद्या वर्दी मिळाली तर हेच काम आहे. वडील शेती करतात, महागडी पुस्तकं मागवणं जमत नाही. फुकट मिळंल असं सांगा, आणि करून बघता येईल असं काही असलं तर लईच चांगलं.

तोफखाना_हिंगोली

पोरी, प्रश्न एकदम मुळावरचा विचारलास. मी २२ वर्षं तोफखान्यात काढली. प्लॅनिंगच्या खोलीत कधी गेलो नाही, पण त्या प्लॅनच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. बोफोर्सचा करार १९८६ चा. तेव्हा कारगिल कोणाच्या डोक्यात पण नव्हतं, आणि १९९९ ला तीच तोफ डोंगरावरच्या बंकरवर सरळ नेम धरून मारत होती. म्हणजे आज घेतलेली वस्तू १०-१५ वर्षांनी, कधी ३० वर्षांनी, भलत्याच जागी लढते. म्हणून चांगला प्लॅनर युद्ध अमुकच ठिकाणी होणार असं धरून बसत नाही, कुठंही झालं तरी आपल्याला काय काय जमलं पाहिजे ते आधी मांडतो. आपल्याकडं आधी खरेदीचा १५ वर्षांचा आराखडा असायचा, २०२० च्या खरेदी नियमावलीपासून तो १० वर्षांचा आहे.

दुसरं म्हंजे दारूगोळा. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा ४० किलोच्या वर, तो हातानं उचलून द्यावा लागतो, एकदा नाही, रात्रभर. युक्रेनमधी मोठमोठ्या श्रीमंत देशांना कळलं की गोळे संपायलेत आणि कारखाने तेवढे बनवू शकत नाहीत. आपल्या कॅगनं, म्हंजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांनी, पण २०१७ च्या अहवालात लिहिलं होतं की काही प्रकारचा दारूगोळा १० दिवस पण पुरणार नाही. भविष्याचं युद्ध म्हणून लोक रोबोटच बघतात, मी म्हणतो आधी गोदाम बघा.

वाचायला सांगतो: कारगिल आढावा समितीचा अहवाल, के. सुब्रह्मण्यम अध्यक्ष होते. आपण कुठं चुकलो हे सरकारी समितीनं लिहिलेलं वाचणं फार मोलाचं. आणि संसदेच्या संरक्षण स्थायी समितीचे अहवाल, वेबसाइटवर फुकट आहेत. इंग्रजी रुक्ष आहे पण अवघड नाही, रोज दोन पानं वाच.

उदगीरचे_मास्तर

काकांना जोडून बोलतो. ताई, लांब जाऊ नका, आपल्या मराठवाड्यात ह्याचे दोन धडे आहेत. १७२८ ला पालखेड, आपल्या वैजापूरकडं. बाजीरावांनी निजामाशी तोफेला तोफ लावलीच नाही, नुसत्या घोड्यांच्या वेगावर त्याला हव्या त्या जागी ओढत नेलं आणि रसद-पाणी तोडलं. मग १७६० ला आमचं उदगीर. इथं सदाशिवरावभाऊंसोबत इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि कवायती पायदळ होतं आणि विजय मोठा मिळाला. पुढं वर्ष व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. तिथं जड तोफा, सोबत यात्रेकरू आणि कुटुंबकबिला, आणि ह्या वेळी रसद तुटली ती आपली. गारदी शेवटपर्यंत शर्थीनं लढले, त्यांना बोल नाही. पण मला शिकवताना दर वर्षी वाटतं की उदगीरच्या विजयानं आपल्याला पुढच्या लढाईचा चुकीचा अंदाज दिला. जिंकलेलं युद्ध पुन्हा लढायची तयारी करायचा मोह सगळ्याच सैन्यांना होतो. फ्रान्सनं पहिल्या महायुद्धावरून सीमेवर मॅजिनो लाइन ही पक्क्या बंकरांची तटबंदी बांधली आणि १९४० ला जर्मन आर्डेनच्या जंगलातून आले.

जालना_एक्सप्रेस

जुनं सगळं सोडा सर, २०२० ला काराबाखमधी, अझरबैजान-आर्मेनियाच्या युद्धात, ४४ दिवसात ड्रोननी रणगाड्यांचा चुराडा केला, आता फक्त ड्रोन शिका.

फवारणीवाली_ताई (लातूर)

जालनावाले भाऊ, मी दोन वर्षं बचत गटाचा ड्रोन चालवायले, सोयाबीन आणि तुरीवर. एका बॅटरीत जेमतेम एकर होतं, मग उतरवायचा, बॅटरी हाताला चटका देते इतकी तापलेली असते, ती गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावता येत नाही. वारा सुटला की काम बंद. ही झाली शेतातली गोष्ट, जिथं कोणी मुद्दाम आडवं येत नाही. युक्रेनमधी समोरचा सिग्नल जाम करतो, मग ह्यांनी ड्रोनला बारीक फायबरची तार बांधून उडवायला सुरुवात केली, आता ती तार तोडायचे उपाय निघालेत. म्हणून गोदाकाठच्या ताईला माझं सांगणं, कोणतंही नवं हत्यार वाचलं की लगेच दोन गोष्टी लिहायच्या, ह्याला लागतं काय आणि समोरचा ह्याच्यावर काय काढंल. आमच्या ट्रेनिंगपेक्षा जास्त मी ह्या सवयीनं शिकले.

संभाजीनगरचा_पंच

करून बघायचं म्हणालात ना, तर वॉरगेम खेळा, म्हणजे नकाशावरची लुटुपुटूची लढाई, खर्च शून्य. प्रशिया ह्या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात १८२४ पासून हे चालू झालं, १:८००० चा नकाशा, ठोकळे, फासे आणि मधे एक पंच. दोन्ही बाजू वेगळ्या खोलीत, शत्रू कुठंय ते पंच सांगंल तेवढंच कळणार. आजही स्टाफ कॉलेजात, वॉर कॉलेजात मूळ पद्धत हीच, कॉम्प्युटर आला एवढंच.

पण पंच ताठ पाहिजे, ह्यावर सगळं अवलंबून आहे. मे १९४२ मध्ये जपान्यांनी मिडवे ह्या अमेरिकी बेटावरच्या हल्ल्याचा सराव नकाशावर केला. पंचानं फासे टाकले, जपानी विमानवाहू जहाजांवर ९ बॉम्ब लागले, दोन जहाजं बुडाली. तिथं बसलेले ॲडमिरल उगाकी म्हणाले, ९ नाही ३ धरा. एक जहाज वाचलं, आणि जे बुडालं होतं ते पण पुढच्या डावात परत पाण्यावर आलं. महिनाभरात खऱ्या लढाईत त्यांची चार विमानवाहू जहाजं गेली. २००२ ला अमेरिकेच्या मोठ्या सरावात पण असंच झालं, शत्रूची भूमिका करणारे निवृत्त जनरल व्हॅन रायपर ह्यांनी रेडिओ टाळून मोटरसायकलवाल्यांच्या हाती निरोप पाठवले आणि आरमार बुडवलं, तर बुडालेली जहाजं पुन्हा तरंगवून सराव पुढं चालू केला. प्लॅनरचं खरं काम आपला प्लॅन कुठं मोडतो ते युद्धाआधी शोधणं, आणि ते कळल्यावर ऐकून घेणं. हे दुसरं लई अवघड.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे फुकट डाउनलोड होतात. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर.

उदगीरचे_मास्तर

मग नळदुर्ग खेळा! १३ सप्टेंबर १९४८, निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची कारवाई, सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेनं पहाटे बोरी नदीचा पूल शाबूत हाती घेतला. तो पूल समोरच्यांनी उडवला असता तर?

गोदाकाठची_लेक (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खेळलो. अभ्यासिकेच्या दोन खोल्या, नकाशाची चार पानं चिकटवली, ठोकळ्यांऐवजी तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे. पंच मी. पलीकडच्या बाजूला जी मैत्रीण होती तिनं पहिल्याच चालीत पूल उडवला, आणि सोलापूरवाल्या पोरांच्या गाड्या एकामागं एक रस्त्यावर थांबल्या. त्यांच्याकडं दुसरा प्लॅनच नव्हता. पोरं म्हणाली चाल परत घेऊ, असं कुठं असतंय. खरं सांगते, माझ्या पण मनात आलं की द्यावी परत, नाहीतर खेळ इथंच संपतो. पण उगाकी आठवले, नाही दिली. मग दोन तास आम्ही फक्त एवढंच मोजत बसलो की वळसा कुठून घालायचा, डिझेल किती लागंल, वाटेत कोणतं गाव येतं. २०५० चं एक वाक्य कोणी बोललं नाही आणि आजवर इतकं डोकं कधीच चाललं नव्हतं.

एका गोष्टीवर अडलोय. सप्टेंबरात बोरीला पाणी किती असायचं, गाड्या पात्रातून उतरल्या असत्या का? नळदुर्गातल्या कोणा जुन्या माणसाशी ओळख आहे का कोणाची?

फवारणीवाली_ताई (लातूर)

माझी मावशी नळदुर्गची. तिच्या सासऱ्यांना विचारून रविवारच्या आत सांगते.