मारिओ बाव्हावर एक तास: सुरुवात कुठून करावी, आणि चेहरा म्हातारा करण्याचा प्रयोग कसा जमवावा?

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या मराठी चित्रपटप्रेमी गटात इटलीचा भयपट दिग्दर्शक मारिओ बाव्हा याच्यावर एक संध्याकाळ ठरली आहे. हाताशी एक तास, प्रोजेक्टर आणि डिजिटल कॅमेरा आहे. त्याची कारकीर्द १९६० च्या 'ब्लॅक संडे'पासून सांगावी की त्याआधीपासून? दुसरं, 'इ व्हाम्पिरी'मध्ये कट न घेता तरुण बाईचा चेहरा डोळ्यांदेखत म्हातारा होतो, तो प्रयोग लोकांसमोर करायचा आहे. मेकअप, दिवे, आणि घोळ कुठे होतो, नीट सांगा. काचेवर चित्र चिकटवून किल्ला उभा करण्याची त्याची युक्तीही हवी आहे.

काळापांढरा
१९६० पासून सुरुवात केलीत तर बाव्हा समजणारच नाही. जन्म १९१४, सान रेमो. वडील युजेनिओ मूर्तिकार, पुढे मूकपटांच्या काळात कॅमेरा आणि ट्रिक फोटोग्राफीत शिरले. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि बरीच वर्षं कॅमेरामन म्हणून राबला. १९५७ मध्ये 'इ व्हाम्पिरी'चा दिग्दर्शक रिकार्दो फ्रेडा काम अर्धवट टाकून गेला, तेव्हा उरलेलं बाव्हानेच पुरं केलं. १९५९ च्या 'काल्टिकी'तही तेच. दुसऱ्यांचे अडलेले चित्रपट असे मार्गी लावल्यावर निर्मात्यांनी त्याला स्वतःचा चित्रपट दिला. 'ब्लॅक संडे' आला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. ब्रिटनमध्ये त्या चित्रपटावर १९६८ पर्यंत बंदी होती.

पुढे १९६३ ची 'ब्लॅक सॅबथ' हा तीन गोष्टींचा चित्रपट, १९६४ चा 'ब्लड अँड ब्लॅक लेस', १९६६ चा 'किल, बेबी... किल!' एवढे तुकडे पुरेत. शेवटची वर्षं मात्र गाळू नका. १९७३ चा 'लिसा अँड द डेव्हिल' विकला गेला नाही, म्हणून निर्मात्याने त्यात भूत उतरवण्याचे प्रसंग घुसडून १९७५ मध्ये वेगळ्याच नावाने लावला. १९७४ चा 'रॅबिड डॉग्ज' पैशांच्या भानगडीत अडकला, तो बाहेर पडला १९९० च्या दशकात. बाव्हा एप्रिल १९८० मध्येच गेला होता. इतक्या मोठ्या कारागिराची ही अखेर मनाला लागते, आणि लोकांना ती कळायला हवी.

दिव्याखाली
चेहऱ्याचा प्रयोग. युक्ती बाव्हाची नव्हे, कार्ल स्ट्रस या कॅमेरामनने ती १९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मि. हाइड'मध्ये वापरली होती. तत्त्व असं: कृष्णधवल चित्रात लाल प्रकाशाखाली लाल रेघ त्वचेत मिसळून जाते, हिरव्या प्रकाशाखाली तीच काळी दिसते. म्हणजे सुरकुत्या आधीपासून चेहऱ्यावर असतात, दिवा बदलला की उघड्या पडतात.

रेघा तेलकट फेस पेंटने काढा. रंग उजळ, केशरीकडे झुकणारा लाल हवा. बहुतेक लोक इथेच फसतात: मरून किंवा गडद लिपस्टिक घेतली की ती लाल दिव्यातही दिसते आणि सगळं आधीच फुटतं. कुंकू, गुलाल नको, पूड सारखी बसत नाही आणि घामाने ओघळते. डोळ्यांखालचे खळगे, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतची घडी, कपाळ, गालफडं, गळ्याच्या शिरा. कडा बोटाने विरवा. मूळ ओठ लाल दिव्यात फिकट पडून नाहीसे होतात, त्यांना हलकी तपकिरी छटा द्या.

दिवा एकच घ्या, लाल-हिरवा-निळा असे तिन्ही रंग देणारा एलईडी पार, म्हणजे रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा. लाल एका बाजूला आणि हिरवा दुसऱ्या बाजूला ठेवलात तर सावल्या सरकतात आणि बिंग फुटतं. कॅमेरा मोनोक्रोमवर (कृष्णधवल), एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा कसा दिसावा) दोन्ही मॅन्युअल. तोच लाल प्रकाश कृष्णधवल चित्रात हिरव्यापेक्षा मंद दिसतो, म्हणून आधी पूर्ण लाल लावून एक्सपोजर ठरवा, मग कपाळाचा उजेड तेवढाच दिसेपर्यंत हिरवा कमी करा. लाल रंगाचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) वेगळा बघा, तिथला तपशील सर्वांत आधी जळून जातो. बदल ६ ते ८ सेकंदांत, लाल उतरताना हिरवा चढता. स्वस्त एलईडी मंद केला की पडद्यावर पट्टे येतात, शटर १/५० सेकंद ठेवून आधी तपासा.

रामबागकर
पण प्रेक्षक समोरच बसलेले असणार. त्यांना तर लाल-हिरवा चेहरा दिसेल ना?

दिव्याखाली
बरोबर. कलाकाराला काळ्या पडद्याआड बसवा, लोकांनी फक्त प्रोजेक्टरचं चित्र बघावं. प्रोजेक्टरचा किंवा बाहेर जायच्या पाटीचा पांढरा उजेड चेहऱ्यावर पडू देऊ नका, तेवढ्यानेही रेघा दिसतात. नंतर पडदा सारून पांढऱ्या दिव्यात लाल रेघा दाखवा. लोकांना युक्ती खरी कळते ती तेव्हा.

तिरकी काच
काचेचं गणित. कॅमेऱ्यासमोर काच, तिच्यावर किल्ल्याचं चित्र, मागे खरी जागा. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरचा) कॅमेरा, २४ मिमी लेन्स, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं लहान. फोकस साधारण पावणेदोन मीटरवर ठेवला तर ९० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. काच १ मीटरवर उभी करा. तिथे फ्रेमची रुंदी दीड मीटर असते, पण किल्ला वरच्या एका कोपऱ्यातच हवा, तेव्हा दोन-अडीच फुटांची ५ मिमी जाडीची साधी काच लाकडी चौकटीत बसवून चालते. चौकटीच्या कडा फ्रेमबाहेर नाहीतर चित्राआड गेल्या पाहिजेत. छापील चित्र मॅट कागदावर, कडा धारदार पात्याने कापलेल्या. चित्रातला उजेड ज्या बाजूने, त्याच बाजूने प्रत्यक्ष जागेवरचाही हवा. इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या (होळकरांच्या स्मारकांच्या) वर पडका बुरूज उभा करायचा असेल तर सकाळी ऊन कुठून येतं ते आधी पाहून ठेवा, आणि चित्रीकरणाची परवानगी घ्या. काच किंचित तिरकी, कॅमेऱ्यामागे काळं कापड, नाहीतर तुम्हीच काचेत दिसाल. कॅमेरा घट्ट बांधा. जरा हलला की बुरूज छत्रीवरून घसरतो.

काळापांढरा
एक राहिलं. 'ब्लॅक सॅबथ'ची इटालियन प्रतच मिळवा. अमेरिकन प्रतीत गोष्टींचा क्रम बदलला आहे आणि टेलिफोनच्या गोष्टीत उगाच भूत घातलं आहे. त्यातला नट बोरिस कार्लोफ खोट्या घोड्यावर बसलाय आणि माणसं फांद्या घेऊन त्याच्याभोवती धावतायत, हा शेवट इटालियन प्रतीतच आहे. काचेच्या प्रयोगाआधी तो दाखवा. इटालियन प्रतीत कार्लोफचा मूळ आवाज नाही, डबिंग आहे, हे आधी सांगा. आणि घरगुती डिस्कवर सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नसतो, त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.