‘कर्करोगपूर्व’ या शब्दाला पर्याय हवा आहे

गोदाकाठ, परभणी
माझ्या मावशींना यकृतातल्या पित्तनलिकांमध्ये वारंवार खडे होत, हुडहुडी भरून ताप येई आणि डोळे पिवळे पडत. अखेर यकृताचा डावा भाग काढावा लागला. काढलेल्या भागात कर्करोग आढळला नाही, मात्र नलिकेच्या अस्तरात ‘लो ग्रेड बिलियरी इंट्राएपिथेलियल निओप्लासिया’, म्हणजे तिथल्या पेशींची सौम्य श्रेणीची बिघडलेली वाढ आहे, असे अहवालात लिहून आले. मी घरच्यांना ‘कर्करोगपूर्व बदल’ असे मराठी करून दिले, तर ‘पूर्व’ कोणाच्या कानात शिरलाच नाही. इथे कोणता शब्द योग्य ठरेल?

बालाघाट, अंबाजोगाई
दोष शब्दातच आहे. विवाहपूर्व, निवडणूकपूर्व, मान्सूनपूर्व या सर्वांत पुढची गोष्ट घडणारच, असे गृहीत असते. येथे तसे नाही. खडे आणि जंतुसंसर्ग यांमुळे अस्तर वर्षानुवर्षे सुजलेले राहते, पेशी वाढतात, पुढे त्यांची ठेवण बिघडते, आणि त्यानंतर काहींनाच कर्करोग होतो. म्हणून मी ‘कर्कोन्मुख’ सुचवतो; तोंड तिकडे आहे, पण पोहोचणे ठरलेले नाही, हा अर्थ त्यात नेमका येतो.

उदगीरकर
शब्द व्याकरणशुद्ध आहे, पण तो रुग्णाला पुन्हा समजावून सांगावा लागेल. आमच्याकडे ‘पित्त’ म्हटले की लोकांना छातीतली जळजळ किंवा अंगावर उठणाऱ्या गांधी आठवतात, आणि खड्याला सर्रास ‘पथरी’ म्हणतात. ‘पित्ताच्या नळीत पथरी झाली होती, तिच्यामुळे नळीचे आतले अस्तर बिघडले आहे, पण कॅन्सर नाही,’ एवढे सांगितले तर काय उणे पडते?

बालाघाट, अंबाजोगाई
मुतखडा, खडा असे शब्द घरात असताना हिंदीतली ‘पथरी’ कशाला हवी?

उदगीरकर
1948 पर्यंत येथे मराठवाड्यात निजामाच्या राज्यात शाळा आणि कचेरी उर्दूतून चालत होती. त्या पिढीपासून जो शब्द घराघरांत रुळला, तो परका कसा म्हणावा? मला तर आपल्या पाथरी गावाच्या नावातही तोच पत्थर दिसतो.

पेशीनिदान, नांदेड
पाथरीचे जुने नाव पार्थपूर असे सांगतात, त्यामुळे ती व्युत्पत्ती मला पटत नाही. मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर शब्द कोणताही घ्या, पण श्रेणी गाळू नका. पूर्वी या बदलाच्या तीन श्रेणी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या वर्गीकरणात दोनच उरल्या. सौम्य श्रेणीत पेशींची केंद्रके लांबट आणि दाट दिसली, तरी त्यांची रांग बरीचशी शाबूत असते. तीव्र श्रेणीत ती रांगच मोडते, तरीही पेशींनी खालचे पटल ओलांडलेले नसते. या दोहोंना एकच ‘कर्कोन्मुख’ लावला, तर मावशींना विनाकारण धास्ती बसेल आणि तीव्र श्रेणीचा रुग्ण गाफील राहील.

बालाघाट, अंबाजोगाई
मग ‘सौम्य कर्कोन्मुख’ आणि ‘तीव्र कर्कोन्मुख’ म्हणावे.

उदगीरकर
‘सौम्य’ म्हटले की आमच्याकडे लोक पुढची तपासणीच सोडून देतात. खडे काढले तरी उरलेल्या नलिकांवर लक्ष ठेवावेच लागते, हे त्या शब्दात कोठे आले?