मदत हवी आहे : आईला म्हैसूरचा नंदी दाखवायचाय

आम्ही सांगलीचे. डिसेंबरात पुन्हा म्हैसूरला निघालोय, या वेळी आईला (वय ७२) घेऊन. मागच्या खेपेला रविवारी संध्याकाळी राजवाड्याचे लाखभर दिवे एकदम लागले, तेव्हा कडेवरची पोरंसुद्धा गप्प झाली होती. ते आईला दाखवायचंच, म्हणून रविवार पक्का धरलाय. मिरजेहून रेल्वेनंच जाणार, बस तिला लागते. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या जमणार नाहीत. देवळापर्यंत रिक्षा करू.

अडलंय ते वाटेतल्या मोठ्या नंदीपाशी. दोन हॉटेलांत फोन केला. एक म्हणतो गाडी थेट जाते, दुसरा म्हणतो चालावं लागतं. गुडघ्यांमुळे तिला शंभरेक पावलांपुढे चालवत नाही. हल्ली कुणी वयस्कर माणसांना नेलंय का? रिक्षातून उतरल्यावर नंदीपर्यंत नेमकं किती चालायचं, आणि मध्ये पायऱ्या आहेत का?